तोरणाखाली राहिलेलं उत्तर

बाबा,

यवतमाळ जिल्हा गेले अकरा दिवस एका बाईच्या खांद्यामागे आहे आणि याची दखल कोणीही घेतलेली नाही. मी रोज सकाळी साडेसातला टीव्हीवर हवामान बघतो. बाई येतात, हसतात, महाराष्ट्राचा नकाशा उघडतात आणि त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभ्या राहतात. कोकण अख्खं दिसतं. पुण्याचा घाटमाथा दिसतो, त्याच्यावर त्या हाताने ढग सरकवतात. मराठवाडा नांदेडपर्यंत दिसतो. तिथून पुढे राज्य संपतं आणि बाई सुरू होतात. नागपूर कानाशी, चंद्रपूर कोपराशी, आणि आपण थेट खांद्यामागे. परवा त्यांनी केस मोकळे सोडले तेव्हा अमरावतीही गेली. इथे लोहाऱ्यात तीन दिवस पाऊस धो धो पडतो आहे, कारखान्यांच्या वसाहतीच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी आहे, आणि बाई सांगतात, राज्यात पावसाने उघडीप दिली. मी वाहिनीला रीतसर पत्र लिहिलं. आपण कृपया अरबी समुद्रात उभं राहावं, तिथे जागा भरपूर आहे आणि कोणाचं शेत नाही. उत्तर आलं की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. दुसऱ्या दिवशी बाई आणखी अर्धा हात आत सरकल्या, वर्धाही झाकली.

तुम्ही असता तर म्हणाला असता, ‘मंग बाह्यर निंघून पाय ना बे, पानी पडून राह्यलं का नाही थे. टीवीले कायले इचारतं?’ हे उत्तर बरोबर आहे, पण त्यावर सदर लिहिता येत नाही. आणि तसं म्हटलं तर सदर लिहायला आता जागाही राहिलेली नाही. ज्या वर्तमानपत्रात मी एकवीस वर्षं दर रविवारी लोकांच्या टोप्या उडवल्या, त्यांनी दोन वर्षांपूर्वी माझी जागा एका ज्योतिषाला दिली. तेव्हापासून मी इथे आहे. तुमची सून पुण्यातच आहे, तिची नोकरी तिकडे, माणसं तिकडे. भांडण नाही. महिन्यातून एकदा येते आणि दोन दिवस ‘तुमच्या यवतमाळला’ किती उकडतं ते सांगून जाते. मी दोन खोल्यांचं घर घेतलं आहे, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून वसाहतीचे पत्रे दिसतात आणि त्यांच्यामागे एक टेकडी, जी उन्हाळ्यात तांबडी असते आणि आता हिरवी आहे. आपलं घाटंजीकडचं गाव इथून तासाभरावर. तिथे घर उभं आहे, पण उघडायला मी जात नाही.

इथे आल्यावर एक गंमत कळली, जी मला लिहायला हवी होती आणि लिहिता आली नाही. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला मी पहिल्या दिवशी म्हटलं, ‘भाऊ, मले पावभर गूळ दे.’ त्याने माझ्याकडे पाहिलं, मान तिरपी केली आणि म्हणाला, ‘आपल्याला कोणता हवा, सर? साधा की सेंद्रिय?’ असं शुद्ध मराठी मी पुण्यातही ऐकलं नव्हतं. मी पुन्हा ‘मले साधाच दे’ म्हटलं, त्याने पुन्हा ‘देतो, सर’ म्हटलं. मागे उभ्या बाईने दुसरीला हळूच सांगितलं, ‘थे पुन्याचे हायत. आपल्यासारखं बोलून पाह्यते.’ पुण्यात मला सत्तावीस वर्षं ‘विदर्भवाले’ म्हणत होते. आता इथे मी पुण्याचा. मधे कुठेतरी, बहुधा जालन्याच्या आसपास, असं एक गाव असेल जिथे मी तिथलाच वाटेन. पण तिथे माझं कोणी नाही.

नकाशावरून आठवलं. तुम्ही महाराष्ट्राचा नकाशा कधी हातात घेतला नाही, पण तुमचा स्वतःचा एक नकाशा होता आणि तो पोळ्यावरून काढलेला होता. मी पुण्यात नवा होतो तेव्हा माझ्या खोलीतला सांगलीकडचा मुलगा आषाढातच बैलांच्या सणाला गावी निघाला. त्यांच्याकडे त्याला बेंदूर म्हणतात. मला धक्काच बसला. बैलांचा सण म्हणजे श्रावणाची अमावास्या, ही गोष्ट मला सूर्य पूर्वेला उगवतो इतकी पक्की वाटत होती. घाटंजीच्या टेलिफोन बूथवर निरोप ठेवून मी तुम्हाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, ‘बाबा, इकडचा पोळा तं होऊन बी गेला.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हनजे थाईचे बैल आपल्या बैलाहून दीड महिना आंगोदर दमते. कायनं दमते बे? ऊस वाहून?’ त्या दिवसापासून तुमच्या हिशेबी राज्यात दोनच प्रांत उरले, बेंदूरवाले आणि पोळ्यावाले. कोण मंत्री झाला की तुम्ही विचारायचात, ‘बेंदूरचा हाय का पोळ्याचा?’ बहुतेक वेळा तो बेंदूरचाच असायचा.

पण तुमचा नकाशा एवढा सोपाही नव्हता. आई फुलसावंगीची. एकाच जिल्ह्यातलं गाव, पण पैनगंगेच्या बाजूचं. तिथल्या बोलण्यात नदीपलीकडचा मराठवाडा उतरलेला आणि धरणाच्या पाण्यावर मामांच्या शेतात ऊस उभा. मामा आपल्याकडे आले की अंगणातल्या पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या ढिगाकडे बघून दरवेळी म्हणायचे, ‘दाजी, कोरडवाहूत काय राहिलंय आता?’ त्यांचा सूर अगदी पुण्याच्या माणसासारखा. तुम्ही मला कोपऱ्यात घेऊन म्हणायचात, ‘पाह्यलं? बेंदूर आपल्या घरातई हाय.’ मी पुढे यावर लेख लिहिला. प्रत्येक गावाला आपली एक पश्चिम असते, जिथे पाणी जास्त आणि आवाज वरचा असतो, असं त्यात एक वाक्य होतं. लोकांनी ते फार वाखाणलं. ते तुमचं होतं, हे लिहायचं राहून गेलं.

झडतीचं मात्र मी सगळ्यांना सांगितलं. पुण्यात कोणाला ठाऊक नव्हतं. बेंदराला झडत्या नसतात. मी रंगवून सांगायचो: पोळ्याच्या दिवशी गावाच्या आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याच्यासमोर सगळ्या जोड्या ओळीने उभ्या राहतात, बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, आणि तोरण तुटायच्या आधी माणसं एकमेकांवर चारचार ओळींचे टोमणे जुळवून म्हणतात. त्याला झडती म्हणायचं. शेवटी ‘हर हर महादेव’ म्हटलं की झडती संपली, आता समोरच्याने उत्तर द्यायचं. उत्तर देईपर्यंत त्याची जोडी तोरणाखालून जायची नाही. आपल्या गावात हा कायदा होता आणि तो तुमच्याइतका कडक कोणी पाळला नाही. तुमच्यासमोर बहुतेक वेळा चाचा असायचे, मोटारपंप दुरुस्त करणारे. त्यांची चार एकरांची पट्टी आपल्या शेताच्या धुऱ्याला लागून. तुम्ही त्यांच्या मोटारींवर म्हणायचात, ते तुमच्या मिशांवर. पोरं पोट धरून हसायची, आणि संध्याकाळी चाचा आपल्याकडे पुरणपोळी खायला बसलेले असायचे.

माझ्या नववीतला पोळा आठवतो. आमदार आले होते. पाटाचं पाणी आणतो म्हणून निवडून आलेले, पाच वर्षांनी परत हात जोडायला आलेले. त्यांना मानाने पुढे उभं केलं होतं, गळ्यात हार. तुम्ही जोडी चाचांच्या हाती देऊन दोन पावलं पुढे आलात. मी आईच्या मागे लपलो. तुमचा आवाज अजून कानात आहे:

तिकडे उसाले पाट, इकडे पऱ्हाटीले वारा,
सायबाच्या गाडीमांगे फुफाट्याचा मारा,
पाच सालं इचारून आमची सुकली नरडी,
सायेब म्हने, गंगा निंघाली, वाटेत झाली कोरडी!
हर हर महादेव!

आखर असा उसळला की दोन जोड्या बुजल्या. आणि मग जे झालं ते मी पुण्यात कधी सांगितलं नाही, कारण त्याने गोष्टीची गंमत कमी होत होती. आमदारांनी हार काढून शेजारच्याच्या हातात दिला, एक श्वास घेतला आणि उत्तर दिलं:

बैल तुमचे देखणे, शिंगं त्याईचे रंगीत,
मत वाढता दुसऱ्याले, पानी मांगता आमच्या पंगतीत!
हर हर महादेव!

चार ओळी नव्हत्या, दोनच होत्या, पण होत्या. तुम्ही मान हलवलीत आणि बाजूला झालात. घरी आल्यावर मी विचारलं, ‘बाबा, त्यानं तुमाले हरवलं का?’ तुम्ही बैलांना घास देत होता. पुरणपोळीचा तुकडा ढवळ्याच्या तोंडात घालून म्हणालात, ‘हरवाचं काय हाय त्याच्यात? मानूस तोंडासमोर उभा राह्यला, आयकून घेतलं अन् बोलला. पानी नाही आनलं त्यानं, पन जवाब तं देल्ला. पाठीमांगे बोलाले कोन्तीई बाई बोलते पान्याच्या हाफशीवर. झडती म्हनजे ज्याच्यावर म्हनली थो समोर पाह्यजे, अन् त्याले बोलाची मुभा पाह्यजे. नाही तं थे नुसती चहाडी.’ पाणी अर्थातच पुढेही आलं नाही.

हाच नियम तुम्ही राजकारणालाही लावायचात. घाटंजीच्या बाजारात वेगळ्या विदर्भाची पत्रकं वाटणारी पोरं तुम्हाला भेटली होती. मी सुट्टीत आलेलो, तुमच्याबरोबर होतो. त्यातल्या एकाने विचारलं, ‘काका, राज्य येगळं पाह्यजे का नाही?’ तुम्ही पत्रक नीट घडी करून खिशात ठेवलंत. म्हणालात, ‘पाह्यजे ना. काहून नाही? सारं तिकडेच जाते. पन मले एक सांग बाबू, येगळं झाल्यावर मी त्याईच्यावर झडती कशी म्हनू? थे तं मंग पाहुने होतीन. पाहुन्यावर म्हनता येत नाही.’ पोरगा गोंधळला. म्हणाला, ‘मंग आपल्याच मंत्र्यावर म्हनजा.’ ‘त्याच्यावर तं आताई म्हनून राह्यलो,’ तुम्ही म्हणालात आणि भेंडी घ्यायला पुढे गेलात.

बाबा, तुमच्या या दोन प्रांतांवरच मी पंचवीस वर्षं पोट भरलं आहे. नागपूरच्या सभागृहात पुण्याच्या पाट्यांवर, पुण्याच्या शिष्टपणावर, त्यांच्या अर्ध्या कप चहावर वाचायचो. टाळ्या. आठवड्याने पुण्यात वऱ्हाडातल्या आळसावर, ऊन झालं की ‘पाहू ना उद्या’ म्हणणाऱ्यांवर, आपल्या लोकांच्या भाबडेपणावर वाचायचो. दुप्पट टाळ्या. ज्याच्यावर बोलत होतो तो एकाही सभागृहात नव्हता. मला वाटायचं मी दोन्हीकडचा आहे. आता वाटतं, मी फक्त जो हजर नसेल त्याच्या विरुद्ध बाजूचा होतो.

तुम्ही पुण्याला आलात तो हिवाळा. ट्रॅव्हल्समधून सकाळी उतरलात आणि पहिलं वाक्य बोललात ते रस्त्याबद्दल. ‘जालन्यापोवतो आपल्यासारखंच हाय. मंग माती बदलली.’ मी तुम्हाला टेकडीवर नेलं, धरण दाखवलं, ऊस दाखवला. तुम्ही सगळं नीट पाहिलंत, उसाचं पान बोटांत धरून त्याची जाडी पाहिलीत. म्हणालात, ‘चांगलं हाय. हिरवं हाय. पन इथं आभाय लहान हाय बे.’ खरंच होतं. चहूबाजूंनी डोंगर उभे, आकाश वाटीत ठेवल्यासारखं. आपल्याकडे शेताच्या मधोमध उभं राहिलं की आभाळ पायापासून सुरू होतं. रिक्षावाल्याला भाडं देऊन तुम्ही त्याला वर बोलावलंत, ‘चला, च्या घेऊन जा.’ तो घाबरला. त्याला वाटलं, मीटरवरून भांडण आहे आणि वर माणसं आहेत. तो सुसाट पळाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझा कार्यक्रम होता. मी तुम्हाला शेवटच्या रांगेतला पास दिला, पुढच्या रांगा प्रायोजकांच्या होत्या. आणि मंचावर गेल्यावर, मला ठरवायलाही लागलं नाही, मी रिक्षावाल्याचा प्रसंग सांगितला. तुमच्या आवाजात. तुमची मान, तुमचा हात, ‘च्या घेऊन जा’. सभागृह कोसळलं. मी आणखी पुढे गेलो, ‘आभाय लहान हाय’ सांगितलं. त्यालाही लोक हसले, आणि ते वाक्य हसण्याचं नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी पुढच्या वाक्यावर होतो. एक बाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘किती गोड माणसं असतात हो तिकडची!’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. ओट्याला टेकून तुम्ही उभे होता, कारण त्या स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती.

‘लोक हासले,’ तुम्ही म्हणालात.

‘हो. खूप.’

‘तू चांगला बोलतं. हात चांगले फिरवतं. एक सांग. ज्याच्यावर हासत होते, थो कुठी होता?’

मी म्हटलं, ‘तुम्ही होता की तिथेच. शेवटच्या रांगेत.’

‘होतो ना. मले उठून जवाब देता आला असता का?’

मी हसलो. दूध उतू जात होतं, म्हणून गॅस बंद केला. खरं तर दूध उतू जात नव्हतं. तुम्ही चहा घेतलात, कप विसळून ठेवलात आणि त्याच दिवशी परत निघालात. म्हणालात तूर पाहायची आहे.

पुढच्या पोळ्याला मी गावी आलो. तुम्ही बोलावलं नव्हतं, मीच आलो. बरोबर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर होता, ‘लोकपरंपरा’ असं एक पान निघणार होतं. आखर भरलेला. चाचांनी तुमच्यावर म्हटलं, तुम्ही चाचांवर म्हटलंत. मग तुम्ही जोडीची वेसण चाचांच्या हाती दिलीत. मला ती खूण ओळखायला हवी होती. तुम्ही वळलात आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिलात:

राघू गेला पुन्याले, शिकला लय बोली,
बापाचीच बोलून दाखवे, पेरूनं भरली खोली,
पेरू खाये तिकडचा अन् बी थुके इकडे,
राघू बाबू, सांग बरं, तुयं घरटं कोनीकडे?
हर हर महादेव!

आखर हसला नाही. आखर माझ्याकडे बघत होता. बारक्या पोरांपासून सगळे थांबले होते, मी काय म्हणतो ते ऐकायला. आणि मी काय केलं, तर टाळ्या वाजवल्या. खऱ्या, मनापासून, सभागृहात वाजवतात तशा. ‘वा! वा, बाबा!’ म्हणालो. फोटोग्राफरकडे वळून म्हटलं, ‘हे घेतलंस ना?’

त्या आखरावर त्यापूर्वी कोणी झडतीला टाळी वाजवली नव्हती. आवाज कसा विचित्र आला. चाचा पुढे झाले. ‘बेटा, ताली कायले वाजवतं? जवाब दे ना. बाप रुकला हाय तुह्यासाठी.’ मी म्हटलं, ‘चाचा, बाबांच्या पुढे मी काय बोलणार!’ मला तो विनय वाटला होता. तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत, रागाने नाही. अनोळखी माणसाच्या हाती चुकून आपली वस्तू गेली तर बघतो, तसं. मग चाचांकडून वेसण घेतलीत आणि बैलांना म्हणालात, ‘चला बाप्पा.’ कायद्याने मी अडलेला होतो, तुम्ही नाही. जोडी तोरणाखालून गेली. त्या वर्षी तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हा तुम्ही गेलात. शेतातून आलात, खाटेवर बसलात, आईकडे पाणी मागितलंत आणि ते प्यायला उरला नाहीत. या गोष्टीला चौदा वर्षं झाली. आई नंतर दोन वर्षं होती. तिने मला कधी काही विचारलं नाही, पण दर पोळ्याला फोन करून सांगायची, ‘आखरावर पाऊस नाही, ये.’ मी गेलो नाही.

आता एक गोष्ट, जी मी कोणाला सांगितलेली नाही. उत्तर मला सुचलं होतं, बाबा. त्याच संध्याकाळी, एसटीत, गावाचा नाला ओलांडायच्या आधी. चार ओळी सरळ येऊन उभ्या राहिल्या. चांगल्या होत्या. तुम्हाला बोचल्या असत्या आणि तुम्ही मान हलवली असतीत. मी कंडक्टरला थांबव म्हणू शकत होतो. अर्धा कोस चालत आलो असतो तर आखरावर अजून माणसं होती. पण मी खिशातली वही काढली आणि त्या ओळी लिहून घेतल्या. रविवारच्या सदरासाठी छान शेवट मिळाला होता. राघूच्या जागी मी एक पुणेरी घरमालक घातला, बोली थोडी सोपी केली, आणि छापून आलं. त्या आठवड्यात मला सतरा पत्रं आली. तुमचं उत्तर मी सतरा लोकांना वाटून टाकलं, आणि तुम्ही ते वाचलंही असेल. घाटंजीच्या वाचनालयात तो पेपर यायचा. वाचलं असेल तर ओळखलंही असेल. हेच मला चौदा वर्षं पोळ्याला गावी येऊ देत नव्हतं. लोकांना वाटतं, वेळ नसतो.

काल पोळा होता. मी सकाळीच निघालो. गावाकडे पाऊस नव्हता. गावात आता अकरा जोड्या आहेत, बाकी ट्रॅक्टर. त्यांनाही काही जण झेंडूच्या माळा घालून आखरावर आणतात, पण ते तोरणाखालून जात नाहीत, उंच आहेत. एका खांबावर भोंगा लावलेला, त्यावर गाणी. तरुण पोरं मोबाईल उंच धरून उभी. झडती म्हणणारे दोघेतिघेच, आणि त्यातला एकजण कागदावरून वाचत होता. माझ्याकडे कोणी फारसं पाहिलं नाही. कोणाचा तरी पाहुणा असेल असं वाटलं असेल.

चाचा खुर्चीवर बसलेले होते, वडाखाली. डोळ्याने कमी दिसतं, आवाजाने ओळखलं. ‘आला का? लय साल झाले.’ मी त्यांच्या पायाशी बसलो. दोनतीन गोष्टी झाल्या, तब्येतीच्या, मोटारींच्या. मग मी म्हटलं, ‘चाचा, बाबाचं उत्तर बाकी हाय. मले म्हनाचं होतं.’ ते माझ्याशी माझ्या बोलीतच बोलले, दोन वर्षांत पहिला माणूस. ‘मंग म्हन.’

‘कोनासमोर म्हनू? थे तं नाहीत.’

चाचांनी काठी टेकली आणि उठायला लागले. मी हात द्यायला गेलो तर झटकला. तोरणाच्या या बाजूला, जिथे तुम्ही उभे राहायचात, तिथे जाऊन उभे राहिले. ‘त्याच्या जागी मी हाव. मले तोंड हाय, मी जवाब देऊ शकतो. आता कायद्यात बसते. म्हन.’ भोंग्यावर गाणं चालूच होतं. मी आवाज चढवला नाही. चढवता आला नाही.

राघू आला वापस, पंखाले नाही जोर,
पेरूवाले पांगले, हाती राह्यला दोर,
घरटं इचारलं बाबानं, तवा वाजवली टाळी…

आणि चौथ्या ओळीवर अडकलो. या छापलेल्या नव्हे, नव्या ओळी होत्या; घरून निघताना चौथीही पाठ होती, तिचा शेवटचा शब्द तेवढा जुळत नव्हता. मनात ‘फांदी’ शब्द आला होता, तो टाळीला बसेना. पोळ्याच्या दिवशी, आखरावर, पंचवीस वर्षं शब्दांवर जगलेला माणूस एका शब्दासाठी उभा. चाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठ जेमतेम हलवत म्हणाले, ‘डहाळी.’

तुमी होते तवर होती बसाले डहाळी!
हर हर महादेव!

‘हर हर महादेव’ चाचांनीही म्हटलं, हळू. मी वाट बघत होतो, ते उत्तर देतील म्हणून. त्यांनी थोडा वेळ तोंडातल्या तोंडात काही जुळवलं, मग मान हलवली. ‘नाही. याच्यावर मले नाही म्हनाचं. जाय तू.’ मी एकटाच तोरणाखालून गेलो. मागे बैल नव्हते. पलीकडे एका पोराने मला विचारलं, ‘काका, जरा बाजूले व्हता का? फोटोत येऊन राह्यले.’ मी बाजूला झालो.

हे मी पाकिटात घालणार नाही. पत्ता नाही हे कारण नव्हे. समोर नसलेल्या माणसाला एवढं सगळं बोलणं तुमच्या कायद्यात बसत नाही, आणि तुम्हाला उत्तर द्यायची मुभा नाही, हे मला लिहायला बसलो तेव्हाच ठाऊक होतं. काल चाचांसमोर जे फिटलं ते फिटलं. आणि त्यातला चौथ्या ओळीचा शेवटचा शब्द माझा नव्हता, तो मला चाचांनी सांगितला. एवढंच तुम्हाला कळायला हवं होतं.